रविवारचा लाँग रन: विदर्भातल्या गावात राहून मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांसाठी

आमच्याकडे पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी पोरं दिसली की ती भरतीची, हे कुणाला विचारावं लागत नाही. पोलिस भरतीचे सोळाशे मीटर म्हणजे छाती फुटेस्तोवर पळायचं, घड्याळ पाहायचं आणि गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायच्या. पळणं म्हणजे हेच, असं आपल्या गावांत ठरून गेलं आहे. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते आणि तिची खरी तयारी आठवड्यातल्या एका लांब, संथ धावेत, म्हणजे लाँग रनमध्ये होते. ही धाव सोळाशे मीटरच्या सवयीनं केली तर ती तयारी राहत नाही, फक्त थकवा उरतो.

मी अमरावती जिल्ह्यात, संत्र्याच्या पट्ट्यात राहतो. इथं ना क्लब आहे, ना पाणी घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक. पण कालव्याचा रस्ता आहे, थंड पहाट आहे आणि ओळखीची माणसं आहेत. एवढ्यावर लाँग रन उत्तम होतो. तो कसा करायचा ते सुरुवातीपासून सांगतो.

आधी दोन तपासण्या

बूट घेण्याआधी रक्त तपासा. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर आणि मेळघाटच्या भागात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. ज्याला आपण ‘वाहक’ म्हणतो, म्हणजे एएस पॅटर्न, तो माणूस एरवी ठणठणीत असतो आणि बहुतेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसतं. पण उन्हात, शरीरात पाणी कमी असताना ताकदीबाहेर पळालं तर वाहकांमध्येही लाल पेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. माणूस कोसळतो. वाहकांनी पळू नये असं नाही. त्यांनी अंतर अधिक सावकाश वाढवावं, उन्हात पळू नये, आणि पाय अचानक लुळे पडल्यासारखे वाटले तर पोटरीचा गोळा समजून पुढं रेटू नये, तिथंच थांबावं. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्या, बायांनी तर नक्कीच. रक्त कमी असताना वाढवलेले किलोमीटर अंगी लागत नाहीत.

आठवडे मोजताना उलटे मोजा

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते असं धरू. तिथून सोळा आठवडे मागं गेलं की सप्टेंबरचा शेवट येतो. त्या वेळी तुम्ही न थांबता बारा किलोमीटर पळू शकत असाल तर रविवारचे आकडे असे ठेवा: १४, १६, १८, मग १३. पुन्हा २०, २२, २४, मग १६. त्यानंतर २६, २८, २०, ३०, २२, ३२. हा ३२ किलोमीटरचा रविवार शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी येतो. मग २०, मग १२, आणि मग शर्यत. बारासुद्धा जमत नसतील तर या वर्षी हाफ मॅरेथॉन करा.

मधले १३, १६, २०, २२ हे कमी आकडे वगळू नका. शरीर घडतं ते या उतरत्या आठवड्यांत.

दुसरी गोष्ट अंतरापेक्षा मोठी आहे. साडेतीन तासांच्या वर लाँग रन नेऊ नका. तुमचा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटांचा असेल तर साडेतीन तासांत २८ किलोमीटर होतात. मग तुमचा सगळ्यात मोठा लाँग रन २८चा. बत्तीसचा हट्ट धरून चार-साडेचार तास रस्त्यावर राहिलात तर त्याची भरपाई करायला पुढचे दोन आठवडे जातात.

इंटरनेटवर मिळणारे बहुतेक तक्ते दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बनलेले असतात. आपल्याकडे शनिवारी सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन फवारणी केलेली असते, सोयाबीन सोंगलेलं असतं, नाहीतर दिवसभर वाकून कापूस वेचलेला असतो. हीसुद्धा मेहनत आहे, तिला हिशोबात धरा. ज्या आठवड्यात सोयाबीन काढायला आलं आहे त्या आठवड्यातच उतरता रविवार ठेवा, तक्ता मागंपुढं सरकवला तरी चालतो. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी लाँग रन नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, हे आपण पाहिलं आहे. डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांपुढं धूसर होणं यातलं काहीही असेल तर पळायला नाही, दवाखान्यात जायचं.

वाट निवडणे

डांबरी रस्ता सोपा वाटतो, पण तो मधून उंच आणि कडांना उतरता असतो. पंचवीस किलोमीटर एकाच कडेनं पळालात की एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. रहदारी नसेल तिथं रस्त्याच्या मध्यावर या, नाहीतर मुरुमाची वाट शोधा. गावातले नवे सिमेंट रस्ते सगळ्यात कडक, त्यावर लांब पळू नका. पांदण रस्ता पाऊस थांबून पंधरा दिवस होईपर्यंत विसरा. काळी माती बुटाला अशी धरते की प्रत्येक पायाला किलोभर ओझं चढतं. आणि डिसेंबरात तीच पांदण वाळून बंडीच्या चाकोऱ्यांसह दगड होते, घोटा मुरगळतो. माझ्या मते सगळ्यात चांगली वाट कालव्याच्या काठची. सपाट, मुरुमाची, गाड्या नाहीत. आमच्याकडे अप्पर वर्धा धरणाच्या कालव्यांनी ही सोय करून ठेवली आहे. मात्र कालव्याला पाणी असेल तेव्हा काठाच्या आतल्या बाजूनं पळू नका, ओल्या अस्तरावर पाय घसरला की वर यायला धरायला काही नसतं.

अंतर मोजायला महागडं घड्याळ लागत नाही. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आहेतच: पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, केशरी ग्रामसडकेचा. महामार्गावर पळू नका. ग्रामसडकेवर दोन दगडांमधला वेळ मोजून आपला वेग काढा आणि तोच वेग कालव्यावर न्या.

एका दिशेला पंधरा किलोमीटर जाऊन परत येण्यापेक्षा आठ-दहा किलोमीटरचा फेरा आखा, जो घरावरून किंवा फाट्यावरून जाईल. प्रत्येक फेरीला पाणी मिळतं, जमलं नाही तर घर जवळ असतं, आणि घरच्यांना तुम्ही कुठं आहात ते ठाऊक असतं. बायांसाठी तर हीच सोय सगळ्यात मोठी. माझी मामेबहीण असा नऊ किलोमीटरचा फेरा करते. वाटेतल्या तीन घरी तिनं आधीच सांगून ठेवलं आहे, त्यामुळे मोरीची, पाण्याची सोय होते आणि वेळेवर दिसली नाही तर कोणीतरी फोन लावतं.

अंधार, जनावरं आणि तारा

डिसेंबरअखेर इकडे सूर्य पावणेसातच्या पुढं उगवतो. साडेपाचला निघालात तर पहिला तासभर अंधार असतो. डोक्याला बांधायचा टॉर्च आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट ही दोन्ही हवीतच. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे रस्त्याच्या उजवीकडून पळा. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांना मागं लाल दिवा असेलच असं नाही.

रस्ता सोडून वावरात शिरू नका, लघवीलासुद्धा नाही. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांच्यापासून पीक वाचवायला काही ठिकाणी तारेत करंट सोडलेला असतो. ते बेकायदा आहे, पण आहे, आणि अंधारात ती तार दिसत नाही. दर हंगामात यात माणसं जातात. रात्री पीक राखणाऱ्या जागलीवाल्यांशी ओळख ठेवा. कोणत्या धुऱ्यावर तार आहे, रात्री कोणतं जनावर दिसलं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या जंगलाला लागून गाव असेल तर माझा सल्ला साधा आहे: पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नका, एकट्यानं निघू नका, कानात काही घालू नका. वाघ-बिबट्याचा वावर आहे असं वनविभागानं सांगितलं असेल त्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारा. कंटाळवाणं आहे, पण तेवीस किलोमीटर मैदानावरही तेवीसच भरतात.

कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, त्याच्याकडे तोंड करा, दगड उचलायला वाकल्यासारखं करा आणि सावकाश मागं सरका. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. हळद-चुना लावायचा नाही.

वेग: इथंच सगळे चुकतात

मीही चुकलो. माझा पहिला २४ किलोमीटरचा लाँग रन मी भरतीच्या पोरांबरोबर सुरू केला. त्यांचा किलोमीटरला साडेपाच मिनिटांचा वेग मला दहा किलोमीटरपर्यंत सोपा वाटला. ती पोरं वळून गेली, मी त्याच वेगानं पुढं गेलो. अठराव्या किलोमीटरनंतर मांड्या उचलेनात. हाताला मुंग्या, डोळ्यांपुढं पिवळं, आणि वाऱ्यानं अंगावर काटा. काळ्या टी-शर्टवर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर बसलो. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचा ऑटो तिथं थांबला.

“काहून बसले भाऊ असे?” एका मावशीनं विचारलं. मला नीट उत्तर देता येईना. तिनं शिदोरीचं फडकं सोडलं, भाकरीवर ठेवलेला गुळाचा खडा काढून माझ्या हातात दिला आणि बाटली पुढं केली. तो खडा खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मी उभा राहिलो आणि चालत घरी आलो.

त्या दिवशी काय झालं ते मला नंतर समजलं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास असतो. पासष्ट किलोच्या माणसाला मॅरेथॉनला सत्तावीसशेच्या घरात कॅलरी लागतात. साठा पुरणारच नाही. बाकीचं चरबीतून यावं लागतं, आणि चरबी जाळायची सवय शरीराला संथ वेगातच लागते. वेग वाढला की शरीर साखरेवर तुटून पडतं. मी रात्री कमी जेवलो होतो, वाटेत काही खाल्लं नव्हतं आणि वर वेगानं पळालो होतो. साठा अठरा किलोमीटरला संपला.

म्हणून हिशोब असा. तुम्हाला मॅरेथॉन साडेचार तासांत करायची असेल तर शर्यतीचा वेग किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद येतो. लाँग रन त्याहून साठ ते नव्वद सेकंद हळू, म्हणजे साडेसात ते आठ मिनिटांच्या आसपास. घड्याळ नसेल तर बोलून पाहा. पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. सोबती असेल तर गप्पा मारा, नसेल तर हरिपाठाचे अभंग मोठ्यानं म्हणा. शब्द तुटू लागले की वेग जास्त आहे.

हे मनाला झेपत नाही, विशेषतः गावातली पोरं शेजारून भुर्रकन पुढं जातात तेव्हा. जाऊ द्या त्यांना. त्यांची परीक्षा सोळाशे मीटरची आहे.

ऑक्टोबरात पाऊस सरलेला, जमीन ओली आणि ऊन तापलेलं असतं. तेव्हा आणखी वीस-तीस सेकंद हळू व्हा आणि साडेआठच्या आत घरी या. नोव्हेंबरनंतर काही न करता वेग आपोआप सुधारतो, तो थंडीचा असतो. मुंबईची हवा जानेवारीतही दमट असते, तिथं इथल्या दहा-बारा अंशांतला वेग मिळणार नाही. म्हणून डिसेंबरातले दोन लाँग रन मी मुद्दाम सातला सुरू करतो, शेवटचा तास उन्हात जावा म्हणून. हे फक्त डिसेंबरात करायचं.

शेवटचे पाच-सहा किलोमीटर शर्यतीच्या वेगानं पळायचा प्रयोग २६च्या पुढच्या रविवारांत एक-दोनदा करा. दर आठवड्याला नको.

खाणं आणि पाणी

आदल्या रात्री वरण-भात, थोडं तूप, साधी भाजी. ज्वारीची भाकर आठवडाभर खा, ती उत्तमच आहे, पण शनिवारी रात्री तिचा कोंडा आणि वांग्याचा तिखट रस्सा पोटात असेल तर दहाव्या किलोमीटरला आडोसा शोधावा लागतो. सकाळी निघण्याआधी तासभर एक केळ, अर्धी गूळ-पोळी, चहा. उपाशीपोटी लाँग रन करू नका.

धाव दीड तासाच्या वर जाणार असेल तर तासाला तीस ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, सवय झाली की त्याहून जास्त. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असतात, सुपारीएवढ्या दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात नऊ. म्हणजे तासाला एक केळ आणि एक खडा. बाजारातली जेलची पाकिटं चांगली असतात, पण गुळानंही काम होतं. एकच नियम पाळा: भूक लागायची वाट पाहू नका. चाळीस मिनिटांनी पहिला घास, मग दर चाळीस मिनिटांनी. आणि शर्यतीत जे खाणार तेच रविवारी खाऊन पाहा.

पाण्याची बाटली फाट्यावरच्या टपरीत किंवा ओळखीच्या विहिरीवर आदल्या संध्याकाळी ठेवून द्या. त्यात ओआरएस घाला. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, अर्ध्या लिटरमध्ये नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पाकिटातल्या ओआरएसमध्ये साखर थोडीच असते, लिटरला साडेतेरा ग्रॅम, म्हणून त्याला खाणं समजू नका. गूळ-केळं सोबत लागतंच.

किती प्यायचं? किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. नंतर करताना घाम पुसा आणि कपडे तसेच, पण कोरडे हवेत. एक किलो कमी भरलं तर प्यालेल्या पाण्याच्या वर एक लिटर घाम गेला. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट चालते. त्याहून जास्त असेल तर पुढच्या वेळी जास्त प्या. वजन वाढलेलं आढळलं तर तुम्ही नुसतं पाणी खूप पीत आहात, आणि तेही धोक्याचं आहे: रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर, उलट्या, झटके येऊ शकतात.

पळण्याआधी दुखण्याची गोळी घेऊ नका. लांब धावेत पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या किडनीवर ताण आणतात.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. सुती बनियन आणि सुती मोजे नकोत, ओले होऊन घासतात. काखा, मांड्या, छाती इथं व्हॅसलीन लावा. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा सोडा. नवे बूट मोठ्या रविवारी पहिल्यांदा घालू नका.

थांबायचं कधी

मांड्या-पोटऱ्या दोन्ही पायांच्या सारख्या दुखत असतील तर ते पळण्याचं दुखणं आहे, जातं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं नडगीच्या हाडावर दुखत असेल आणि दर पावलाला वाढत असेल तर थांबा, ते हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो थकलेला नाही, त्याला उष्माघात झालेला असू शकतो. सावलीत घ्या, विहिरीचं, मोटरचं, जे असेल ते गार पाणी अंगभर ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

घरी आल्यावर

लगेच ओट्यावर बसू नका. दहा मिनिटं चालत राहा, मग पाणी, मग दोन संत्री. तासाभरात नीट जेवा: वरण-भात, उसळ, दही, चालत असतील तर अंडी. लघवीचा रंग पाहा. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडलं. काळ्या चहासारखी किंवा तांबूस असेल तर घरी न थांबता दवाखाना गाठा, स्नायू तुटून त्यांचा अंश किडनीत जात असल्याची ती खूण असू शकते.

दुपारी झोपा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की रविवारी दुपारी वावरात येणं जमणार नाही. सोमवारी पळायचं नाही, हलकं काम चालेल. जिना उतरताना, बैलाला चारा टाकताना पाय कसे चालतात ते पाहा. सोमवारी संध्याकाळपर्यंत साधं काम करता येत असेल तर कालचा वेग बरोबर होता. बुधवारपर्यंत पाय ओढत चालावं लागत असेल तर तुम्ही लाँग रन नाही, शर्यत पळालात.

मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तीत तारीख, अंतर, वेळ, किती खाल्लं, वजन किती उतरलं आणि सोमवारी पाय कसे होते, एवढंच. गेल्या डिसेंबरातल्या एका पानावर असं आहे: “३० किमी. ३ तास ४० मि. दहा मिनिटं जास्त झाली, पुढं नको. केळी ३, गूळ ४ खडे. वजन ९०० ग्रॅम कमी. सोमवारी तुरीला पाणी दिलं.”